पितळेच्या चार पट्ट्या

"गोधडीत तोंड खुपसून कुणीतरी गातंय असं वाटतं," आई म्हणाली.

ती हॉलच्या दारात उभी होती. हातात अर्धी निवडलेली कोथिंबीर. समोर अण्णा आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते, रिमोट पोटावर, आणि उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर ताल धरत होती. मी नुकतीच पुण्याहून आले होते. पाठीवरची सॅकसुद्धा अजून उतरवली नव्हती.

"ऐकलंस, हेमांगी?" अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "दोन महिने शोधाशोध करून मी ही गाण्याची यंत्रणा घरात आणली, आणि अभिप्राय कोण देतंय बघ. ज्यांचे कान चाळीस टक्के गेलेत, त्या."

मी हसले. हे आधीच सांगून टाकते. मी हसले, आणि आई कोथिंबीर घेऊन आत निघून गेली.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. साताऱ्याचं आमचं घर, रविवार, सकाळचे अकरा. संध्याकाळी पाचला अण्णांची ऐकणारी मंडळी येणार होती आणि त्याआधी सगळ्या जोडण्या एकदा तपासून दे म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं होतं. मी पुण्यात ध्वनिमुद्रणाचा छोटा स्टुडिओ चालवते. तेव्हा पस्तीस वर्षांची होते, आणि आवाजातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जलविद्युत केंद्रात इंजिनिअर होते. तीस वर्षं त्यांनी टर्बाइनच्या घरघराटात काढली आणि तो घरघराट धुऊन काढायला घरी येऊन गाणं ऐकलं. निवृत्त झाल्यावर गावातल्या एका साप्ताहिकात ते 'श्रवणसुख' नावाचं सदर लिहायला लागले. साताऱ्यात कुणाचीही मैफल असो, पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची दत्तात्रय सबनिसांची. त्यांनी चांगलं लिहिलं तर गाणारा कात्रण जपून ठेवायचा. पण गेली काही वर्षं ते फारसं चांगलं लिहीत नव्हते. आजकालचे गायक शब्द खातात, व्यंजनं गिळतात, हे वाक्य दर दुसऱ्या लेखात असायचं. घरातही तेच. "कुमुद, पुटपुटू नकोस. नीट बोल," हे मी लहानपणापासून नाही, पण कॉलेजात गेल्यापासून रोज ऐकत आले.

आई गाणं शिकवायची. याच हॉलमध्ये, सतरंजी घालून, चौदा मुली. त्या दिवसाच्या बारा वर्षं आधी तिच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम झाला, आणि रात्री जेवताना अण्णा म्हणाले की दोन मुली सरळसरळ बेसूर होत्या आणि तुझ्या ते ध्यानातही आलं नाही. आईने खूप सांगितलं की नव्हत्या. मग ते म्हणाले, कान दाखवून घेऊ. पुण्याला एका डॉक्टरांकडे गेले दोघं. चार दिवसांनी रिपोर्ट आणायला अण्णा एकटेच गेले, आणि येऊन त्यांनी सांगितलं की उंच स्वर तुला ऐकू येत नाहीत, चाळीस टक्के गेलंय, यंत्राचाही फारसा उपयोग नाही.

आईने दुसऱ्या आठवड्यात क्लास बंद केला. "मला न ऐकू येणारं पोरींना काय शिकवू? चुकीचं शिकवलं तर जन्मभर तसंच गातील," एवढंच म्हणाली. तंबोऱ्याला गवसणी घालून तो कपाटावर ठेवला. मग आमच्या घरात आईचे कान हा एक ठरलेला विनोद झाला. अण्णांनी काही विचारावं, तिने उत्तर द्यावं, आणि अण्णांनी म्हणावं, "बघा, हिला ऐकूच गेलं नाही." आम्ही हसायचो. मी आणि माझा भाऊसुद्धा.

मी सॅक ठेवली आणि कामाला लागले.

यंत्रणा चांगली होती, खोटं कशाला बोलू. इंटरनेटवरून गाणं ओढून घेणारा एक डबा, त्यातल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा दुसरा डबा, भक्कम अॅम्प्लिफायर, आणि माझ्या छातीएवढे उंच दोन स्पीकर. जोडण्या मात्र अण्णांनी स्वतः केल्या होत्या. स्पीकर भिंतीला चिकटवून ठेवलेले. एक शोकेसच्या आड. पहिला डबा वायफायवर, म्हणून मधेच अडखळत होता. मी राउटरपासून वायर ओढली. स्पीकर भिंतीपासून दोन-दोन हात पुढे घेतले, बसायच्या खुर्चीकडे जरासे वळवले. डब्यावरचा आवाज आणि अॅम्प्लिफायरचा आवाज असे दोन ठिकाणी कमीजास्त होत होते, त्यातला पहिला पूर्ण उघडून ठेवला. अण्णा प्रत्येक गोष्टीला "ते मी मुद्दाम तसं ठेवलं होतं" म्हणत होते.

मग मी स्पीकरच्या मागे वाकले.

अशा स्पीकरांना मागे वायर लावायचे चार खुंट असतात. वरचे दोन उंच आवाजाच्या छोट्या स्पीकरसाठी, खालचे दोन खर्जाच्या मोठ्या स्पीकरसाठी. वरचे आणि खालचे खुंट पितळेच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात, म्हणून एकच वायर लावली तरी दोन्हींना पोचते. इथे वायर खालच्या खुंटांना लावलेली होती आणि पट्ट्या नव्हत्या. दोन्ही स्पीकरांना नव्हत्या.

"अण्णा, इथल्या पट्ट्या कुठे गेल्या?"

"त्या होय? पॅकिंगच्या होत्या. निघत होत्या म्हणून काढल्या. खोक्यात असतील."

खोक्याच्या तळाशी सापडल्या, चार, बोटाएवढ्या. मी त्या हातात घेऊन बघत राहिले. म्हणजे यंत्रणा आल्यापासून पंधरा दिवस या घरात फक्त खर्ज वाजत होता. तंबोऱ्याच्या तारांची झणकार, ती जवारी नाही, शब्दांचे काठ नाहीत. कुणीतरी गोधडीत तोंड खुपसून गातंय.

"आई बरोबर म्हणत होती," मी म्हणाले.

"योगायोग," अण्णा म्हणाले.

मी पट्ट्या कसल्या. आतून आईने विचारलं, "सापडलं का गं काही?"

"एक वायर सैल होती," मी ओरडून सांगितलं.

हेही मी केलं. अण्णांचं हसं होऊ नये म्हणून. माझं मला कळलंसुद्धा नाही, इतकं ते सवयीचं होतं.

जेवणं झाल्यावर मी टॅबलेटवरून चाचणीचे सूर लावले. खोल आवाजापासून सुरू करून एकेक पायरी वर. डाव्या-उजव्या स्पीकरमधून सारखं येतंय ना, खोलीत कुठे घुमत नाही ना, ते बघायला. अण्णा खुर्चीत बसले होते. दोनशे हर्ट्झ, पाचशे, हजार, प्रत्येक सुराला मान डोलावत होते. मी चार हजारांवर आले. हा सूर कानात सुईसारखा जातो, जोरात लावला तर नकोसा होतो. मी जरा जोरातच लावला होता.

आई पाण्याचा तांब्या घेऊन हॉलमध्ये आली आणि तिने तो टीपॉयवर आदळलाच. दोन्ही हात कानांवर. "अगं बंद कर ते! केवढं कर्कश आहे!"

त्याच क्षणी अण्णा म्हणाले, "लाव ना पुढचा. कधीची वाट बघतोय मी."

सूर चालूच होता.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी आईच्या कानांवरच्या हातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि घाईघाईने म्हणाले, "हो, हो, ऐकतोय ना. उत्तम आहे. बंद कर आता."

मी बंद केला. आई तांब्या पुसून आत गेली. अण्णा म्हणाले, जरा पडतो, आणि त्यांच्या खोलीत गेले. दार लावलं.

मी खुर्चीत बसून राहिले. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे कळायला दोन मिनिटं पुरतात, आणि मला बारा वर्षं लागली होती. चाळीस टक्के कान गेलेल्या बाईला दार ओलांडताच जो सूर बोचला, तो स्पीकरसमोर बसलेल्या माणसाला ऐकूच आला नव्हता.

अण्णा कागद टाकत नाहीत. इंजिनिअरची शिस्त. हॉलमधल्या लोखंडी कपाटात दर वर्षाची एक फाइल, पाठीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात वर्ष. ते कपाट कुणी उघडत नसे, कुलूप होतं म्हणून नव्हे, गरज नव्हती म्हणून. मी उघडलं. बारा वर्षं मागची फाइल काढली. विम्याचे कागद, घरपट्टी, गॅसचं कार्ड, आणि एका पांढऱ्या पाकिटात पुण्याच्या त्या डॉक्टरांचे दोन आलेख, एकाला एक टाचलेले.

वरचा: सौ. कुमुदिनी द. सबनीस. रेघ डावीकडून उजवीकडे सरळ गेलेली. खाली लिहिलं होतं, दोन्ही कान सर्वसाधारण.

खालचा: श्री. दत्तात्रय सबनीस. तारीख तीच. रेघ मध्यापर्यंत बरी, आणि मग कड्यावरून ढकलल्यासारखी खाली. दीर्घकाळ मोठ्या आवाजात काम केल्यामुळे उंच स्वरांच्या श्रवणात मोठी घट. श्रवणयंत्राचा सल्ला.

किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. कागद जुना होता पण घडी नवी वाटत होती, इतका तो कधी उघडलेला नव्हता. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मला आधी रडू येईल असं वाटलं. आलं नाही.  चौदा मुली. गवसणी घातलेला तंबोरा. जेवणाच्या टेबलावरचं ते हसणं. त्या खोलीचं दार ढकलून आत जावं आणि त्यांना उठवावं, असं मनात आलं. मग वाटलं, नाही. खोलीत नको. ज्यांच्यासमोर हे एवढे मोठे जाणकार आहेत, त्यांच्यासमोरच.

मी आलेख घडी करून कुर्त्याच्या खिशात ठेवले. स्पीकरच्या मागे गेले आणि चारही पट्ट्या पुन्हा काढल्या. कपाट बंद केलं.

स्वयंपाकघरात आई संध्याकाळच्या तयारीला लागली होती. साबुदाण्याचे वडे करणार होती. चटणीचा चमचा माझ्यापुढे धरून म्हणाली, "मीठ बघ गं. कमी झालंय का?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"चेहरा का असा झालाय तुझा? दमलीस का?"

"नाही. प्रवासाचं असेल."

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. हाताला नारळाचा वास होता.

पाचला मंडळी आली. एकूण पाच जण. त्यातले दोघं मुख्य. वाळिंबे सर, गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, बोलण्यात सावध आणि मृदू. निंबाळकर वकील, आवाज भरदार, अण्णांचे पहिले वाचक. बाकीचे तिघं त्यांच्या मागून येणारे. अण्णा स्वच्छ लेंगा-झब्ब्यात, अत्तर लावून. त्यांनी प्रत्येकाला कुठे बसायचं ते सांगितलं, डब्यांची ओळख करून दिली, आणि माझी. "आमची कन्या. हिने थोडा हात फिरवलाय. बाकी जुळणी माझीच."

मुलतानी रागाची वेळ होती. एका जुन्या गायिकेचं ध्वनिमुद्रण त्यांनी लावलं. गाणं सुरू झालं, म्हणजे गाण्याचा गाळ सुरू झाला. वाळिंबे सरांनी एकदा कानाला हात लावला. वकिलांनी खुर्ची पुढे ओढली. 

"काय?" अण्णांनी विचारलं. "कसं वाटतंय?"

"छान आहे," वाळिंबे सर म्हणाले. "जरा... दबल्यासारखा नाही वाटत आवाज? म्हणजे माझंच काही असेल."

"तुमचंच आहे, सर," अण्णा हसले. "तुमच्या कानांना मोबाइलची सवय लागलीय. हा खरा आवाज. ऊब बघा त्यातली. शब्द न् शब्द स्वच्छ."

सगळे हसले. वाळिंबे सरही ओशाळून हसले. ते हसणं मी ओळखत होते. आई तशी हसायची.

"अण्णा," मी म्हणाले, "जवारी येतेय का नीट?"

"येतेय का म्हणजे? समोर तंबोरा ठेवलाय असं वाटतंय!"

"दोन मिनिटं थांबा हं." मी गाणं थांबवलं, अॅम्प्लिफायर बंद केला, स्पीकरच्या मागे जाऊन चार पट्ट्या कसल्या. कुणाला काही समजत नव्हतं. मग सगळं चालू केलं आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

तंबोरा उमटला आणि खोलीची हवा बदलली. निंबाळकर वकील "अरेच्चा!" म्हणून ताठ झाले. मागच्यांपैकी एकाने शेजारच्याचा हात धरला. वाळिंबे सरांचे डोळे मोठे झाले आणि तसेच राहिले. ती बाई समोर बसून गात होती, श्वास घेताना ऐकू येत होती.

पाचही चेहऱ्यांवर फरक पडला. सहाव्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. अण्णा एकाकडून दुसऱ्याकडे बघत होते.

"काय बदललं, अण्णा?" मी विचारलं.

"काय बदलायचंय? काही नाही."

"काहीच नाही?"

"हेमांगी, तुझं काय चाललंय?"

मी खिशातून कागद काढले आणि वाचले. नाव, तारीख, शेवटची ओळ. आधी आईचा, मग त्यांचा. माझा आवाज कापत नव्हता. उलट मला तो फार चांगला लागलेला वाटला, आणि ते मला आवडलं, हेही खरं आहे. "बारा वर्षं," मी म्हणाले. "बारा वर्षं हिचे कान गेले म्हणून तुम्ही गावभर सांगितलंत. गेले होते तुमचे. आणि तुम्ही लिहीत राहिलात. शब्द खातात म्हणे गायक!"

अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला. वाळिंबे सर जमिनीकडे बघायला लागले. गाणं चालूच होतं. ते बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

तेव्हा मला दिसलं की दारात आई उभी आहे. हातात वड्यांचं ताट.

तिने ताट टीपॉयवर ठेवलं. माझ्या हातातले कागद घेतले. पदराला हात पुसून मग घेतले, घाई केली नाही. चष्मा डोक्यावर होता तो खाली ओढून दोन्ही कागद वाचले. मग रिमोट शोधून गाणं बंद केलं.

"गरम आहेत तोवर घ्या," ती पाहुण्यांना म्हणाली. "चहा ठेवलाय."

कुणी वडा तोंडात घातला, कुणी नाही. दहा मिनिटांत सगळे गेले. निंबाळकर वकिलांच्या चपला सापडेनात, तेवढा एकच आवाज होता घरात.

दार लागल्यावर अण्णा बोलले. आवाज एकदम म्हाताऱ्याचा. "कुमुद, मी सांगणारच होतो. तेव्हा नुकतं सदर सुरू झालं होतं. काय करणार होतो मी? मला ऐकू येत नाही म्हणून छापायचं? एकदा बोलून गेलो, आणि मग परत घेता येईना. तुझं तसंही घरातल्या घरातच तर होतं..."

"हो," आई म्हणाली. "घरातल्या घरातच होतं."

मी म्हणाले, "आई, यांना सोडू नकोस. बोल. काय वाटेल ते बोल."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात आईला चिडलेलं पाहिलं नव्हतं असं नाही, दूध उतू गेलं की ती चिडायची, पण हे ते नव्हतं.

"कागद कधी सापडला तुला?"

"दुपारी."

"किती वाजता?"

"दोन. सव्वादोन."

"आणि मी कुठे होते?"

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"मी तुला चटणीचं मीठ बघायला दिलं, तेव्हा हा तुझ्या खिशात होता?"

"होता."

"तीन तास." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "दहा पावलांवर होते मी. माझी गोष्ट होती ही, हेमांगी. माझे कान, माझा क्लास, माझी बारा वर्षं. आणि मला ती कधी कळली? निंबाळकर वकिलांच्या बरोबरीने. हातात ताट घेऊन."

"आई, मला त्यांना..."

"तुला त्यांना पाडायचं होतं. पाडलंस. टाळ्या मिळाल्या असत्या, पण मंडळी सभ्य निघाली. पण तो राग माझा होता. तो काढायचा का गिळायचा, कुणासमोर काढायचा, ते मी ठरवलं असतं. तू तो परस्पर खर्च करून टाकलास. आता मी काय बोलू यांना? उरलंय काय?"

अण्णा काहीतरी म्हणायला गेले. तिने त्यांच्याकडे न बघता हात वर केला आणि ते गप्प झाले.

"आणि एक सांग. यांचं मी समजू शकते. भित्रा माणूस. तुझा तर हा धंदा. रोज लोकांच्या कानांना हेडफोन लावतेस. बारा वर्षांत एकदा, एकदा तरी म्हणालीस का, आई, बस इथे, बघू तुला किती ऐकू येतं ते? पाच मिनिटांचं काम होतं ना?"

"पाच मिनिटांचं," मी म्हणाले.

"मग?"

 खरं उत्तर होतं, आणि ते तिलाही माहीत होतं. अण्णा सांगत होते म्हणून आम्ही मानत होतो, आणि मानणं सोपं होतं, आणि हसायला मिळत होतं.

"साडेसहाची गाडी मिळेल तुला," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

मी निघाले. रिक्षात, बसमध्ये, घाट उतरेपर्यंत मी धुमसत होते. गंमत अशी की त्या वेळी मी अण्णांवर चिडलेली नव्हते. आईवर चिडले होते. मी तिच्या बाजूने उभी राहिले आणि तिने मलाच झोडपलं, या रागात मी पुण्याला पोचले. तो राग शिरवळ, खेड शिवापूर असा गावागावांनी उतरेल असं वाटलं होतं. उतरायला काही महिने लागले. आणि उतरला तेव्हा त्याच्या खाली जे सापडलं, ते रागापेक्षा वाईट होतं.

आईने घर सोडलं नाही. अण्णांशी बोलणंही टाकलं नाही. महिन्याभराने त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेऊन श्रवणयंत्र करवून आणलं, आणि या वेळी रिपोर्ट आणायला ती एकटी गेली. सदर बंद झालं. हॉलमध्ये पुन्हा सतरंजी पडली. क्लासच्या वेळात अण्णांनी गच्चीवर बसायचं, असं तिने सांगितलं आणि ते बसायला लागले, उन्हातसुद्धा. हे सगळं मला भावाकडून कळायचं. मी फोन केला की ती म्हणायची, "बरी आहे. ठेवते." चौदा महिने एवढंच.

मग एका सकाळी ती न कळवता माझ्या स्टुडिओत आली. बरोबर अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी, तंबोरा कवटाळून आलेली. कुठल्याशा स्पर्धेला ध्वनिमुद्रण पाठवायचं होतं.

"वेळ आहे का तुमच्याकडे?" आईने विचारलं. मला. तुमच्याकडे.

"आहे," मी म्हणाले.

मुलीला आत बसवलं, माइक लावला. आई माझ्या शेजारी बसली. तिने हेडफोन मागितला, मी दिला, माझा मी घातला. मुलीने सा लावला, मी पातळी बघितली, सगळं ठीक होतं. मी ध्वनिमुद्रण सुरू करणार, इतक्यात आई म्हणाली, "थांब. डाव्या बाजूला बारीक गुणगुण आहे."

मी ऐकलं. डावी बाजू एकटी करून ऐकली. आवाज वाढवून ऐकली. काही नव्हतं. मला काही ऐकू येत नव्हतं. पंधरा वर्षं मी दिवसाचे दहा-दहा तास हेडफोन लावून बसत होते.

"नाही गं आई, काही नाहीये," हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. अगदी पूर्ण, त्यातल्या हलक्या हसण्यासकट. घरात शिकलेलं वाक्य होतं ते.

आई माझ्याकडे बघत होती. 

मी हेडफोन काढला, खुर्ची मागे सरकवली आणि टेबलाखाली वाकून एकेक प्लग काढायला लागले. आधी पंखा. मग दिवा. मग मोबाइलचा चार्जर.

"आहे अजून?" मी खालून विचारलं.

"आहे."

मी कोपऱ्यातल्या छोट्या फ्रिजचा प्लग ओढला.

"आता गेली," आई म्हणाली.